देव मानत नाही, पण पुस्तक माझं आहे

प्रश्न असा होता, की ऑफिसातला इस्रायली सहकारी स्वतःला सरळ नास्तिक म्हणवतो, शनिवारी गाडी चालवतो, सिनेगॉगची पायरी लग्नकार्याशिवाय चढत नाही, आणि तरी तनाखचा म्हणजे हिब्रू बायबलचा विषय निघाला की त्याचा आवाजच बदलतो, त्यातल्या यशया या संदेष्ट्याच्या ओळी धडाधडा म्हणून दाखवतो, मुलाचं नाव त्यातलंच ठेवलंय आणि वर म्हणतो की आमचं राष्ट्र या पुस्तकावर उभं आहे. मग हा दुटप्पीपणा नाही का, देव वजा केला तर त्यात उरतं काय, आणि असलं नातं किती पिढ्या टिकणार?

मी सत्तावीस वर्षं इस्रायलमधल्या सरकारी शाळेत तनाख शिकवला. मूळची कोकणातल्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू घरातली, मराठी आईच्या तोंडून आलेली आणि हिब्रू नंतर घासून घासून शिकलेली. इथे १९५३ च्या शिक्षण कायद्यापासून सरकारी शाळांचे दोन प्रवाह आहेत, एक दाती म्हणजे धार्मिक घरांसाठी आणि दुसरा साधा, ज्यात बहुतेक हिलोनी मुलं येतात, हिलोनी म्हणजे धर्म न पाळणारी. मी दुसऱ्या प्रवाहात होते. तिथेही तनाख सक्तीचा, दुसरीपासून थेट बारावीपर्यंत, आणि बाग्रुतला म्हणजे आपल्या बोर्डासारख्या परीक्षेला त्याचा पेपर असतो. त्यामुळे तुमचा हा प्रश्न दर सप्टेंबरला नव्या वर्गातलं एखादं पंधरा वर्षांचं पोरगं मला विचारायचंच: टीचर, मी देव मानत नाही, मग हे मी का वाचू?

आधी दुटप्पीपणाबद्दल. मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. झालंय काय, की पुस्तक तेच राहिलं पण त्याचा लेखक बदलला. माझ्या आजीसाठी ते देवाने दिलेलं होतं, तुमच्या सहकाऱ्यासाठी ते त्याच्या पूर्वजांनी लिहिलेलं आहे. देवाचं पुस्तक म्हटलं की ते पाळायचं असतं, पूर्वजांचं म्हटलं की ते सांभाळायचं, वाचायचं, मुलांना सांगायचं आणि वेळ आली तर त्याच्याशी भांडायचंसुद्धा असतं. ही दोन वेगळी नाती आहेत आणि दोन्ही खरी असू शकतात. आणि हे मराठी माणसाला कळायला अवघड नसावं, कारण पसायदान सुरू झाल्यावर हात जोडून उभे राहणारे, डोळे पाणावणारे कितीतरी नास्तिक मी पाहिलेत, त्यांना विचारलं तर विश्वात्मक देव वगैरे ते मानत नाहीत, पण सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत कुणीतरी सगळ्या जगासाठी एवढं मोठं मागणं मागून ठेवलं याचं त्यांना आतून काहीतरी होतं.

आता इतिहास, कारण त्याशिवाय हे नीट समजत नाही. पूर्व युरोपातल्या येशिवांमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धार्मिक पाठशाळांमध्ये, खरा अभ्यास चालायचा तो तालमूदचा, म्हणजे नियम, त्यावरचे वाद, त्या वादांवरचे वाद. तनाख लहानपणी व्हायचा, दर शनिवारी सिनेगॉगमध्ये तोराचा म्हणजे तनाखच्या पहिल्या पाच पुस्तकांचा भाग वाचला जायचा, पण सगळा तनाख सलग, गोष्ट म्हणून, भूगोलासकट वाचत बसणं हे हुशार मुलाचं लक्षण मानत नसत, उलट हा पोरगा हातचा जातोय की काय अशी शंका यायची. म्हणजे तनाखला मध्यभागी आणून ठेवणारे लोक धर्मातून बाहेर पडत होते, धर्मात शिरत नव्हते. १८५३ साली लिथुआनियात आब्राहाम मापूने हिब्रूतली पहिली कादंबरी लिहिली ती यशयाच्या काळातल्या यरुशलेमवर, आणि चोरून वाचणाऱ्या तरुणांना पहिल्यांदा दिसलं की आपल्या पूर्वजांना शेतं होती, डोंगर होते, ते प्रेमात पडत होते. त्यांना नेमकं हेच हवं होतं, स्वतःच्या जमिनीवर चालणारा, नांगर धरणारा, राजाशी भांडणारा ज्यू, आणि तो तालमूदमध्ये नव्हता, तनाखमध्ये होता. पुढे तर दोन हजार वर्षांचा मधला सगळा काळच ओलांडून उडी मारायची अशी वृत्ती झाली, हिब्रूत त्यासाठी यमक जुळवून म्हणतात, तनाखपासून पाल्माखपर्यंत. पाल्माख म्हणजे १९४८ च्या आधीची लढाऊ तुकडी. ती उडी मला कधीच पटली नाही, मधल्या काळातच तर आमच्यासारखे लोक कोकणात तेल गाळत होते आणि शनिवार पाळत होते म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे, तो काळ गाळला तर आम्ही कुठे जायचं?

या सगळ्याला विचाराचा पाया दिला तो अहद हाआम या लेखकाने. १९०४ साली त्याने मोशेवर, म्हणजे तनाखच्या गोष्टीत लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर काढणाऱ्या मोझेसवर, एक निबंध लिहिला आणि त्यात सांगितलं की सत्य दोन प्रकारचं असतं, एक पुरातत्त्वाचं आणि एक इतिहासाचं. मोशे नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का, हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या मोशेने लोकांना घडवलं, ज्याच्या नावाने ते गुलामगिरीतून बाहेर पडण्याची गोष्ट दरवर्षी सांगत आले, तो मोशे इतिहासात काम करतोच आहे आणि उद्या कुणी सिद्ध केलं की असा माणूसच नव्हता तरी त्याने त्या मोशेला धक्का लागत नाही. मला विचाराल तर सेक्युलर नात्याची ही सगळ्यात प्रामाणिक मांडणी आहे. आणि हीच पुढे लोकांनी सगळ्यात लवकर सोडली, त्याकडे येते मी.

देव वजा केल्यावर उरतं काय, याचं पहिलं उत्तर म्हणजे भाषा. मी वर्गात एक गोष्ट दरवर्षी करायचे. तास सुरू झाला की काही न बोलता दिवे बंद करायचे आणि विचारायचे, काय गेलं? पोरं ओरडायची, हश्माल! हश्माल म्हणजे वीज, विजेचं बिल येतं ते हश्मालचं, शॉक लागतो तो हश्मालचा. मग खिडकीच्या उजेडात तनाखमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडायला लावायचे, उत्तरेकडून वादळ येतंय, मोठा ढग, आग स्वतःतच पेटतेय, आणि त्या आगीच्या मध्यातून हश्मालसारखं काहीतरी चकाकतंय. हश्माल हा शब्द तिथला, देवाच्या रथाच्या दर्शनातला, आणि त्याचा नेमका अर्थ जुन्या पंडितांनाही लागत नव्हता. एकोणिसाव्या शतकात वीज आली तेव्हा कवी यहूदा लेब गॉर्डनने तो शब्द उचलून तिला दिला. मग मी तालमूदमधली गोष्ट सांगायचे, की एक लहान मुलगा गुरूच्या घरी यहेज्केल वाचत होता, त्याला हश्मालचा अर्थ कळला, आणि त्या हश्मालमधून आग निघून तो जळून गेला. वर्ग एकदम शांत व्हायचा. मग मी दिवे लावायचे. त्या एका मिनिटात देव मानतो की नाही हा प्रश्न कुणाला आठवत नसायचा, आपण रोज तोंडात घोळवतो तो शब्द कुठून आलाय एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

असे शब्द शेकड्यांनी आहेत. शेकेल हे इथलं चलन, तोच शेकेल ज्यात अब्राहामाने साराहला पुरण्यासाठी हेब्रोनजवळची गुहा घेतली, चारशे शेकेल चांदी तोलून. तेल अवीव हे नाव यहेज्केलमधलं, तिथे ते बाबेलच्या बंदिवासातल्या एका वस्तीचं आहे. जुन्या परंपरेत जी नावं वाईट मानायचे तीही लोकांनी झटकून घेतली, ओमरी हा राजा ग्रंथात देवाच्या नजरेत दुष्ट, निम्रोद तर बंडखोर, आणि आज पटावर दोन्ही नावं सापडतात. म्हणजे आईबापांनी पुस्तक वाचलं पण पुस्तकाचा निकाल मान्य केला नाही. लग्नात ग्लास फोडताना हिलोनी नवरासुद्धा म्हणतो, यरुशलेमे, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात विसरून जावो, आणि सैनिकांच्या स्मरणदिनाला दावीदाने योनाथानासाठी केलेला विलाप म्हणतात, शूर कसे पडले. दुःखाला दुसरे शब्दच नाहीत त्यांच्याकडे.

पण इथे एक इशारा फार आधी देऊन ठेवलेला आहे. १९२६ साली गेर्शोम शोलेम या विद्वानाने यरुशलेमहून फ्रान्झ रोझेन्झ्वाइग या जर्मन ज्यू तत्त्वज्ञाला एक पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की लोकांना वाटतंय आपण पवित्र भाषा साधी बाजारातली करून टाकली, पण हे ज्वालामुखीच्या तोंडावर राहण्यासारखं आहे, या शब्दांच्या पोटात जे भरलंय ते नाहीसं होत नाही, एक दिवस ते बोलणाऱ्यांवरच उसळेल. शिक्षिका म्हणून मला हे पत्र फार वर्षं पटलं नाही. आता पटतं.

भाषेनंतर सण. किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेतीची वसाहत. किबुत्झवाले समाजवादी, देवाला त्यांनी दारातच थांबवलेलं, पण पेसाखची, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाची, रात्र सोडवेना म्हणून त्यांनी स्वतःच्या हग्गादा लिहिल्या, म्हणजे त्या रात्री टेबलावर वाचायची पोथी. अशा शेकड्यांनी आहेत, काही सायक्लोस्टाइल केलेल्या, चित्रं घरच्याच कुणीतरी काढलेली. माझ्या नवऱ्याच्या काकांच्या किबुत्झमधली एक माझ्याकडे आहे, कडा तपकिरी झाल्यात, वाइनचे डाग आहेत. त्यात जिथे पारंपरिक पोथीत देवाने आम्हाला बाहेर काढलं असं येतं तिथे वसंत, पाऊस थांबला, अंजिराला हिरवी फळं धरली अशा गीतरत्न या तनाखमधल्या प्रेमकाव्याच्या ओळी आहेत, आणि शेवटी त्या वर्षी किबुत्झमध्ये जन्मलेल्या मुलांची नावं. शावुओत या कापणीच्या सणाला पहिल्या पिकाची मिरवणूक, ट्रॅक्टरवर गवताच्या पेंढ्या आणि त्यावर डोक्यात फुलांची कडी घातलेली पोरं, आणि तनाखमधल्या रूथच्या गोष्टीचं वाचन. मला यात काही खोटं दिसत नाही. रूथ परकी, मवाबी, शेतात पडलेली कणसं वेचणारी, आणि कष्ट करणाऱ्या माणसांनी ती गोष्ट कापणीच्या दिवशी वाचायची, यापेक्षा ती वाचायला चांगली जागा कुठली?

आता राजकारण, कारण राष्ट्र म्हटलं की ते टळत नाही. इस्रायलचा पहिला पंतप्रधान बेन-गुरियन हे या सगळ्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. कर्मकांड न पाळणारा माणूस, पण तनाख त्याच्या रोजच्या विचारात. १९३७ साली पॅलेस्टाइनच्या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिशांच्या पील कमिशनपुढे त्याने साक्ष दिली तेव्हा म्हणाला की आमचा मँडेट, म्हणजे या भूमीवरचा अधिकार, म्हणजे बायबल. मराठीत सांगायचं तर आमचा सातबारा हा. १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवातच अशी, की या भूमीत ज्यू लोक घडले आणि त्यांनी जगाला ग्रंथांचा ग्रंथ दिला. कुणी दिला ते बघा, लोकांनी. देवाने लोकांना दिला असं तिथे लिहिलेलं नाही, आणि मी वर म्हटलेला लेखकबदल तुम्हाला या एका वाक्यात सापडेल. शेवटच्या परिच्छेदावर तर भांडणच झालं, धार्मिक नेत्यांना देवाचं नाव हवं, डाव्यांना अजिबात नको, शेवटी त्झूर यिस्राएल म्हणजे इस्राएलचा खडक हा तनाखमधलाच शब्द घातला, मानणाऱ्याने देव समजावा, न मानणाऱ्याने लोकांची ताकद समजावी. दोघांनीही सह्या केल्या. मला हा शब्द फार आवडतो कारण तो दोघांनाही खोटं बोलायला लावत नाही.

पुढे बेन-गुरियनच्या घरी तनाखचं अभ्यासमंडळ चालायचं, पंतप्रधान, न्यायाधीश, प्राध्यापक बसून एकेका अध्यायावर वाद घालायचे. १९६० साली त्याने जाहीर सांगितलं की इजिप्तमधून सहा लाख वगैरे बाहेर पडले नसणार, सहाशेच्या आसपास लोक असतील, तर धार्मिक पक्षांनी क्नेसेटमध्ये म्हणजे संसदेत अविश्वासाचा ठराव आणला. एका प्राचीन आकड्यावरून सरकार पाडायला निघाले होते. यावरून कळेल तुम्हाला की हे पुस्तक तिथे म्युझियमच्या काचेआड नव्हतं. आणि १९५८ ला राष्ट्राच्या दहाव्या वर्षी तनाखची जागतिक स्पर्धा घेतली, ती जिंकली आमोस हाखाम नावाच्या गरीब कारकुनाने, लहानपणीच्या इजेमुळे त्याचं बोलणं अडखळत होतं, अंधांच्या शाळेत काम करायचा. रातोरात तो सगळ्या देशाचा हिरो झाला. पुढे त्याने तनाखवर चांगली भाष्यंही लिहिली.

पुरातत्त्व हा याचाच पुढचा भाग. २९ नोव्हेंबर १९४७, ज्या दिवशी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचं मतदान झालं, त्याच दिवशी प्राध्यापक एलाझार सुकेनिक बेथलेहेमला जाऊन मृत समुद्राजवळ सापडलेल्या तनाखच्या वगैरे प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्या घेऊन आले. त्यांचा मुलगा यिगाएल यादिन, आधी सेनाप्रमुख मग पुरातत्त्वज्ञ, याने १९५४ साली अमेरिकेत आणखी चार गुंडाळ्या अडीच लाख डॉलर्सला मिळवल्या, त्यांची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी सात मीटरहून लांब आहे. १९६५ ला यरुशलेममध्ये त्यांच्यासाठी खास इमारत बांधली, पांढरा घुमट, आत अंधार, मधोमध गुंडाळीच्या मुठीसारखा खांब. मी दरवर्षी वर्ग घेऊन जायचे. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं आणि तेरा वर्षांची मुलगी काचेवर बोट ठेवून ओळ वाचते आणि तिला ती कळते. मी देव मानते की नाही हे मी शाळेत कधी सांगितलं नाही, पण त्या जागी मला दरवेळी गप्प बसावंसं वाटायचं.

अडचण अशी, की फावड्याला काय सापडेल हे आपल्या हातात नसतं. १९९३ ला तेल दान इथे दावीदाचं घराणं असे शब्द असलेला दगड सापडला, सगळ्यांना आनंद. मग १९९९ ला तेल अवीव विद्यापीठाच्या झेव हर्झोग यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की इतकी वर्षं खोदून आमच्यापुढे आलेलं चित्र असं, की इजिप्तमधून बाहेर पडणं, मोशेनंतरचा नेता यहोशवा याचं भूमी जिंकणं हे सांगितलंय तसं झालेलं नाही, आणि दावीद-शलमोनाचं साम्राज्य फार तर लहानसं टोळीराज्य असेल. सगळ्यात जास्त कोण भडकलं तर हिलोनी लोक. स्टाफरूममध्ये मी ऐकलंय, देव न मानणारी माणसं हातवारे करून सांगत होती की असं कसं, मग आपण इथे कशाला आलो. तिथे मला अहद हाआमची आठवण आली. त्याने सांगून ठेवलं होतं की या पुस्तकाला पुराव्याची गरज नाही, आणि आपण नेमकं त्याचं पुराव्याचं कागदपत्र करून ठेवलं.

माझं खरं म्हणणं इथे आहे. सेक्युलर माणसाने पवित्र पुस्तकाशी नातं ठेवण्यात काहीच खोट नाही, पण ते नातं भाषेचं, गोष्टीचं, वादाचं आहे तोवर ते त्याच्या हातात राहतं. त्याचा सातबारा केला की ते त्याच्या हातातून जातं, कारण सातबाऱ्यावर मालकाचं नाव लागतं आणि मग ज्याचा त्या पुस्तकातल्या शब्दावर शब्दशः विश्वास आहे तो येऊन म्हणतो की तुझ्यापेक्षा माझा हक्क जास्त, मी तर देवाचं वचन मानतो, तू काय, तू फक्त गोष्ट मानतोस. १९६७ च्या युद्धानंतर हेच झालं. हेब्रोन, शखेम, बेथेल ही तनाखमधली गावं ताब्यात आली, १९७४ ला गुश एमुनीम ही धार्मिक वसाहतवाल्यांची चळवळ उभी राहिली, आणि बेन-गुरियनच्या पिढीने वापरलेली वाक्यंच त्यांनी उचलली, फक्त त्यात देव परत घातला. मग शहरी हिलोनी माणूस हळूहळू पुस्तकापासूनच लांब गेला, ते त्यांचं झालंय असं म्हणत. माझ्या वर्गात नव्वदच्या दशकात आईबाप येऊन सांगायचे की तनाखचे तास कमी करा, गणित वाढवा, आणि त्यांच्याच आईवडिलांनी त्यांना आमोस संदेष्ट्याचं पुस्तक तोंडपाठ शिकवलं होतं. मला फार लागायचं ते.

आणि सातबाऱ्यावर एकाचं नाव चढलं की दुसऱ्याचं खोडलं जातं. १९४९ ला सरकारने नेगेव या दक्षिणेकडच्या वाळवंटाच्या नकाशासाठी समिती नेमली, अरबी नावं काढून हिब्रू नावं द्यायची, जमेल तिथे तनाखमधली. ओढे, टेकड्या, विहिरी, सगळ्यांची. नकाशा वाचताना मला जो आनंद होतो, अरे हे तर अब्राहामाच्या गोष्टीतलं, त्याच्या खाली कुणाचीतरी आजी वेगळ्या नावाने ती विहीर ओळखत होती, हे मी वर्गात सांगायचे आणि त्यावरून पालकांच्या तक्रारीही झाल्या.

यहोशवाबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. यरीहोची भिंत पडते आणि मग शहरातले सगळे, पुरुष, बायका, मुलं, म्हातारे, तलवारीने मारले जातात. १९६० च्या दशकात जॉर्ज टामारिन या मानसशास्त्रज्ञाने आठ ते चौदा वयाच्या १०६६ इस्रायली शाळकरी मुलांना हा उतारा देऊन विचारलं, यहोशवाने योग्य केलं का? ६६ टक्क्यांनी पूर्ण होकार दिला. दुसऱ्या एका गटाला हाच उतारा दिला, फक्त यहोशवाच्या जागी तीन हजार वर्षांपूर्वीचा चिनी सेनापती लिन आणि चीनमधलं राज्य. होकार ७ टक्के, नकार ७५. प्रश्न तोच, मुलं सारखीच. सेक्युलर ओळख म्हणून पुस्तक शिकवलं तरी ते किती खोलवर जाऊन बसतं हे मला यातून शिकायला मिळालं. त्यानंतर मी यहोशवा कधीच नुसता गोष्ट म्हणून शिकवला नाही, आधी नावं बदलून वाचायला द्यायचे, चर्चा होऊ द्यायचे, आणि मगच मूळ पान उघडायला लावायचे. वर्गात जी शांतता पसरायची ती हश्मालच्या शांततेपेक्षा फार वेगळी असायची.

आणखी एक आक्षेप आहे, तो धार्मिक बाजूने येतो आणि तो मी गंभीरपणे घेते. येशयाहू लायबोविट्झ हा कट्टर धर्म पाळणारा विचारवंत बेन-गुरियनच्या या तनाखप्रेमावर तुटून पडायचा. त्याचा मुद्दा असा की धर्मनियम सोडून नुसतं पुस्तक धरलं तर त्याला काही खास पावित्र्य उरत नाही, साहित्य म्हणूनच वाचायचं तर जगात याहून थोर साहित्य आहे आणि तत्त्वज्ञान म्हणून याहून थोर तत्त्वज्ञान. तर्काने याला उत्तर देणं कठीण आहे. पण मी माझ्या आजीचं उदाहरण देते. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. आमच्या समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून योसेफ, मोशे यांच्यावर मराठीतून कीर्तनं व्हायची, टाळ, अभंगाची चाल सगळं असायचं, तिने सगळा तनाख तसाच कानांनी घेतला. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तिथे ती दरवेळी रडायची, शेवट माहीत असून. जगात याहून थोर गोष्ट असेलही, तिला ती आपली वाटली असती का? आपलं आणि थोर यांत फरक आहे.

हे फक्त इस्रायलचं आहे असंही नाही. आर्मेनियात इसवी सन ४०५ च्या सुमाराला मेस्रोप माश्तोत्सने लिपी तयार केली आणि त्या लिपीत पहिलं वाक्य उतरवलं ते नीतिसूत्रांमधलं, ज्ञान आणि शिक्षण संपादन करण्याविषयीचं. १९१५ च्या नरसंहारात मूश भागातला एक प्रचंड हस्तलिखित ग्रंथ, चर्चमधल्या प्रवचनांचा, जवळजवळ २८ किलोचा, दोन बायकांनी अर्धा अर्धा करून वाचवला. एकीला पूर्ण उचलत नव्हता म्हणून. आज तो येरेव्हानच्या मातेनादारान या हस्तलिखितांच्या संग्रहात आहे, आणि ती भव्य इमारत बांधली सोव्हिएत काळात, म्हणजे अधिकृतपणे नास्तिक असलेल्या राजवटीत. शाळेतली मुलं तिथे देवदर्शनाला जात नाहीत, आपण का उरलो हे बघायला जातात. त्याच सोव्हिएत सरकारने १९५९ ला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना पुतळा भेट दिला, तलवार ठोकून नांगराचा फाळ करणारा माणूस, ते वचन यशयाचं.

किती पिढ्या टिकेल? वाचतील तितक्या. प्रेम वारशाने येतं, वाचन येत नाही, आणि इथल्या कितीतरी घरांत आज प्रेम आहे पण पुस्तक उघडलेलं नाही, मग प्रसंगाला दोन ओळी फेकायच्या आणि बाकी सगळं मोठ्याने बोलणाऱ्याच्या ताब्यात. शाळेत जे टिकतं ते मी पाहिलंय. दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला युद्धात पुढे उभं करून मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात येतो आणि एक गोष्ट सांगतो, श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, गरिबाकडे एकच कोकरू, त्याच्या ताटात खाणारं, कुशीत झोपणारं, आणि पाहुणा आल्यावर श्रीमंताने ते गरिबाचंच कोकरू कापलं. दावीद संतापतो, असा माणूस मरायलाच हवा. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. हिब्रूत दोनच शब्द, अत्ता हाइश. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सप्टेंबरात मला म्हणाला होता की हे मी का वाचू, एकदम उठून उभा राहिला आणि विचारायला लागला की राजाने त्याला मारलं नाही? आणि हे लिहून ठेवलं? स्वतःच्या सगळ्यात मोठ्या राजाबद्दल? तास संपला तरी तो बाहेर गेला नाही, पुढचं पान वाचत बसला.

तर सहकाऱ्याला एक विचारून बघा, पण वाद घालायला म्हणून नाही, मनापासून विचारा, की तुला कुठला भाग पाठ आहे? यहोशवाचा, आमोसचा, रूथचा की नाथानचा? आणि तो का? त्याने सांगायला सुरुवात केली तर मध्ये थांबवू नका.